रेल्वेला एवढे पैसे मिळतात, मग आमची लोकल का वाढत नाही? पुणेकर प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा असतो: 'महाराष्ट्रातील रेल्वेसाठी विक्रमी निधी'. त्या संध्याकाळी लोणावळा आणि दौंडच्या पासवाल्यांत प्रश्नांचा पाऊस पडतो. तेच ते प्रश्न, दरवर्षी. म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवली आहेत.

केंद्र सरकार रेल्वेला दरवर्षी किती पैसे देतं?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या तिजोरीतून रेल्वेसाठी सुमारे २ लाख ५२ हजार कोटी रुपये ठेवले होते. आदल्या वर्षीही साधारण तेवढेच होते. २०१३-१४ मध्ये हा आकडा सुमारे २९ हजार कोटी होता. वाढ खरी आहे आणि मोठी आहे, त्यात वाद नाही.

पण हे पैसे कशासाठी आहेत ते वाचायचं राहून जातं. ही रक्कम भांडवली कामांची आहे. नवे मार्ग, दुहेरीकरण, विद्युतीकरण, सिग्नल, डबे, इंजिनं, स्टेशनांचं नूतनीकरण यासाठी ती वापरायची. लोकोपायलटचा पगार, इंजिनाची वीज, डबे धुण्याचं कंत्राट, निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन हे सगळं रेल्वेने आपल्या कमाईतून भागवायचं असतं. बापाने मुलाला कोथरूडला फ्लॅट घेऊन द्यावा आणि सांगावं, मेंटेनन्स आणि वीजबिल तुझं तू बघ, असा हा व्यवहार आहे. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीत आहेत, म्हणून ती लक्षात ठेवा.

म्हणजे माझ्या तिकिटावर सरकार सबसिडी देत नाही? तिकिटावर तर छापलेलं असायचं!

छापलेलं असायचं, बरोबर. काही वर्षांपूर्वी तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत हिंदीत विचारलेलं असे की तुमच्या भाड्यातले ४३ टक्के देशाचे सामान्य नागरिक सोसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्याचाच दुसरा अवतार इंग्रजीत होता: रेल्वे प्रवासाच्या सरासरी खर्चाच्या फक्त ५७ टक्के वसूल करते. अनेकांना ते वाचून उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. दोनशे रुपयांचं तिकीट काढून देशावर उपकाराचं ओझं चढवल्यासारखं.

सरकारचा अलीकडचा हिशेब असा: २०२२-२३ मध्ये प्रवाशांना एकूण ५६,९९३ कोटी रुपयांची सवलत मिळाली, म्हणजे सरासरी ४६ टक्के. १०० रुपये खर्च येणाऱ्या प्रवासाला आपण ५४ मोजतो.

आता प्रश्न असा, की उरलेले ४६ कोण देतं? 'सामान्य नागरिक' हे उत्तर अर्धवट आहे. बहुतेक भार उचलते ती मालगाडी. २०२३-२४ मध्ये रेल्वेला मालवाहतुकीतून सुमारे १ लाख ६८ हजार कोटी मिळाले आणि प्रवाशांकडून साधारण ७० हजार कोटी. मालवाहतूक नफ्यात चालते आणि तो नफा प्रवासी गाड्यांच्या तोट्यात जिरतो. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने हे आपल्या अहवालांत पुन्हा पुन्हा लिहिलं आहे.

मालगाडीत सर्वांत जास्त काय असतं? कोळसा. तो औष्णिक वीज केंद्रात जातो, त्याचं भाडं विजेच्या दरात मिसळतं, आणि वीजबिल तुम्हीच भरता. रेल्वेने जाणारं पेट्रोल-डिझेल घ्या, चिंचवडहून मालगाडीत चढणाऱ्या मोटारी घ्या, तीच कथा. तेव्हा ४६ रुपये फुकट मिळत नाहीत, दुसऱ्या खिशातून जातात. आणि जो माणूस कधीच रेल्वेत बसत नाही, त्याच्याही खिशातून जातात. हे न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण मालभाडं चढं ठेवलं की माल ट्रकने जाऊ लागतो, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर डाव्या लेनमध्ये अडकलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

सरकार चालू खर्चासाठी काहीच देत नाही का?

थोडं देतं. सीमाभागातल्या सामरिक महत्त्वाच्या मार्गांवरच्या तोट्याची भरपाई अर्थसंकल्पातून होते. पुण्याच्या आसपास असा मार्ग नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग शून्य.

रेल्वे तोट्यात आहे की नफ्यात?

काठावर. यासाठी 'ऑपरेटिंग रेशो' हा आकडा बघतात. १०० रुपये कमावायला किती खर्च झाला, एवढाच त्याचा अर्थ. करोनाच्या काळात, २०२१-२२ मध्ये, तो १०७.३९ होता. नंतर ९८ च्या आसपास आला. म्हणजे शंभरात दोन रुपये उरतात. त्यातून नवी लाइन सोडा, जुने रूळ बदलायचा निधीही पुरेसा बाजूला पडत नाही.

हा ९८ सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. २०१७-१८ चा रेशो ९८.४४ जाहीर झाला होता. कॅगने तपासलं तेव्हा कळलं की एनटीपीसी ही सरकारी वीज कंपनी आणि इरकॉन ही रेल्वेचीच बांधकाम कंपनी यांच्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम कमाईत धरली होती. ती वगळली असती तर आकडा १०२.६६ निघाला असता.

पूर्वी वेगळं रेल्वे बजेट असायचं. ते बंद झाल्याने आपलं नुकसान झालं का?

ॲक्वर्थ समितीच्या शिफारशीवरून १९२४ पासून रेल्वेचा हिशेब वेगळा झाला आणि २०१७-१८ पासून परत एकत्र. शेवटचं स्वतंत्र रेल्वे बजेट फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी मांडलं.

एक फायदा नक्की झाला. पूर्वी केंद्राने रेल्वेत घातलेल्या भांडवलावर रेल्वेला दरवर्षी लाभांश भरावा लागे. तो बंद झाला. तोटा पैशांचा नाही, चर्चेचा झाला. पूर्वी नव्या गाड्यांची यादी संसदेत वाचली जायची, पुण्याचं नाव आलं की नाही ते घराघरांत रेडिओवर कळायचं. आता अर्थमंत्र्यांच्या भाषणात रेल्वेच्या वाट्याला जेमतेम काही वाक्यं येतात. बाकी सगळं कागदपत्रांत शोधावं लागतं.

महाराष्ट्राला २३,७७८ कोटी मिळाले म्हणतात. त्यातले पुण्याला किती?

२०२५-२६ चा आकडा बरोबर आहे. २०२४-२५ मध्ये तो १५,९४० कोटी होता. पण हे पैसे राज्य सरकारच्या खात्यात येत नाहीत आणि पुण्याच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसातही कोणी पेटी आणून देत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीत चाललेल्या कामांवर वर्षभरात जो खर्च धरला आहे, त्याची ही बेरीज. बुलेट ट्रेन जमेला धरली की बेरीज आणखी फुगते.

पुण्याचं पाहायचं असेल तर 'पिंक बुक' उघडा. प्रत्येक झोनची कामं त्यात ओळीओळीने दिलेली असतात आणि ते रेल्वे बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतं. मध्य रेल्वेचं पुस्तक काढायचं, 'नवे मार्ग', 'दुहेरीकरण', 'प्रवासी सुविधा' अशा शीर्षकांखाली आपलं काम शोधायचं, आणि आडव्या ओळीत तीन रकाने वाचायचे: कामाची अंदाजित किंमत, आजवर झालेला खर्च, आणि या वर्षीची तरतूद. तिसरा रकाना खरा बोलतो. किंमत शेकड्यांनी कोटी आणि यंदाची तरतूद फक्त एक हजार रुपये, अशा ओळीही सापडतात. हो, एक हजार. याला टोकन म्हणतात. काम यादीतून उडू नये म्हणून जागेवर टाकलेला रुमाल. पेपरात मात्र ते काम 'अर्थसंकल्पात समाविष्ट' असंच छापून येतं.

पुणे-लोणावळा लोकल का वाढत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

ही लोकल मार्च १९७८ मध्ये सुरू झाली. तेव्हा पिंपरी-चिंचवड कारखान्यांचं गाव होतं, तळेगावात हवा पालटायला जायचे, आणि हिंजवडीला जायचं कोणाला काही कारण नव्हतं. आज त्या पट्ट्यात किती वस्ती आहे ते सकाळी आकुर्डी किंवा कासारवाडीच्या फलाटावर उभं राहून बघा. रूळ मात्र तेवढेच, दोन. त्या दोन रुळांवर सुमारे ६४ किलोमीटरमध्ये लोकल, मुंबईच्या इंटरसिटी, दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि आता वंदे भारत. लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते, म्हणून मागच्या एक्स्प्रेसला वाट द्यायला तिलाच बाजूला घेतात. गाड्या थांबवून देखभालीचा ब्लॉक घ्यायचा तो दुपारी, म्हणून दुपारच्या लोकलची मागणी वर्षानुवर्षं तिथेच आहे.

म्हणजे पहिलं कारण रुळांचं. त्याला भांडवली पैसा लागतो आणि तो आता हलला आहे. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाच्या सुमारे ५,१०० कोटींच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. निम्मा खर्च रेल्वेचा, निम्मा राज्याचा. राज्याच्या निम्म्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचाही वाटा आहे. म्हणजे तुमच्या घरपट्टीतला थोडा भाग रुळांखालच्या खडीत जाणार आहे. मला यात गैर काही वाटत नाही. उलट पैसे दिल्याने महापालिकेला वेळापत्रकाबद्दल बोलायचा अधिकार मिळेल. तो ती वापरेल का, हे तुम्ही नगरसेवकाला विचारा.

दुसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. लोकलचं किमान भाडं ५ रुपये आहे. मासिक पासाचा हिशेब फेरीमागे केला तर त्याहून कमी पडतो. अलीकडच्या भाडेवाढींतून उपनगरी तिकीट आणि पास दोन्ही वगळले. आपल्यासाठी हे चांगलंच. पण रेल्वेच्या हिशेबात प्रत्येक वाढीव लोकल म्हणजे वाढीव तोटा, आणि तो तोटा भरून द्यायला केंद्र किंवा राज्य कोणीच पुढे येत नाही. चार रूळ झाले तरी हे दुसरं कारण राहणारच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत: 'निधी मंजूर' या बातमीवर पेढे वाटू नका. चौथा मार्ग झाल्यावर रोज किती फेऱ्या, आणि त्या चालवायचा खर्च कोणाच्या खात्यावर, हे आजच लेखी मागा.

पण भाडं तर नुकतंच वाढलं ना?

लांब पल्ल्याचं वाढलं. १ जुलै २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या बिगरवातानुकूलित वर्गात किलोमीटरला १ पैसा, एसीत २ पैसे. मग २६ डिसेंबर २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसला आणखी २ पैसे. पुणे-नागपूर साधारण ९०० किलोमीटर धरलं तर स्लीपरला पहिल्या वेळी नऊएक रुपये आणि दुसऱ्या वेळी अठराएक रुपये. त्याआधीची वाढ १ जानेवारी २०२० ची. वर्षानुवर्षं काहीच वाढवायचं नाही आणि मग पैशा-पैशाने वाढवायचं, यात रेल्वेचं पोट भरत नाही आणि प्रवाशाची ओरड मात्र होतेच.

रेल्वे केंद्राची. मग राज्य सरकारने का पैसे द्यायचे?

कायद्याने रेल्वे केंद्राचीच. पण ज्या मार्गाला रेल्वेच्या हिशेबात पुरेसा परतावा दिसत नाही, तो लवकर हवा असेल तर राज्याने निम्मा खर्च उचलायचा, असा पायंडा पडला आहे. मुंबईच्या लोकलसाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ झालं, त्यात ५१ टक्के रेल्वेचे आणि ४९ टक्के राज्याचे. तिथून हे रुळलं.

यातून काय होतं ते अहिल्यानगर-बीड-परळी मार्गात बघा. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, किंमत ३५३ कोटी. दोघांनी निम्मे निम्मे द्यायचे ठरलं. एकाचे आले तर दुसऱ्याचे अडले, जमीन मिळाली तर पैसे नाहीत, पैसे आले तर जमीन नाही. किंमत ४,८०५ कोटींवर गेली. बीडला पहिली प्रवासी गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर तीस वर्षांचं झालं होतं, आणि बहुधा नोकरीसाठी ट्रॅव्हल्सच्या बसने पुण्याला येऊन स्थायिकही झालं होतं.

पुणे-नाशिकचं काय झालं?

तिथे आधी अडचण पैशांपेक्षा दुर्बिणीची आहे. २३५ किलोमीटरचा, सुमारे १६ हजार कोटींचा सेमी हायस्पीड मार्ग महारेलने, म्हणजे राज्य आणि रेल्वेच्या संयुक्त कंपनीने, आखला. २० टक्के राज्य, २० टक्के रेल्वे, बाकी ६० टक्के कर्ज आणि समभागांतून, अशी रचना होती. आखणी नारायणगावजवळून गेली आणि तिथे खोडदला जीएमआरटी आहे, तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण. विद्युत रेल्वेच्या लहरींमुळे तिच्या निरीक्षणांत व्यत्यय येतो. म्हणून ती आखणी रेल्वे मंत्रालयाने स्वीकारली नाही आणि शिर्डीवरून जाणाऱ्या पर्यायाची चर्चा सुरू झाली. चाकण, मंचर, जुन्नरकरांचा राग समजण्यासारखा आहे.

दौंडला उपनगरी दर्जा मिळाला तर काय बदलेल?

भाडं आणि अपेक्षा. सध्या दौंडच्या गाड्यांना साध्या पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये लागतं. करोनानंतर तेच एक्स्प्रेसच्या दराने ३० रुपये घेत होते, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये मागे घेतलं. उपनगरी दर्जा आला तर किमान भाडं ५ रुपयांवर येईल आणि पासही स्वस्त होईल. आणि नेमकं म्हणूनच रेल्वे तो दर्जा द्यायला उत्सुक नाही. वर लोकलबद्दल लिहिलेलं दुसरं कारण पुन्हा वाचा.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत परत येणार का?

मार्च २०२० मध्ये करोनामुळे थांबवली आणि नंतर दिली नाही. पूर्वी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. विचारलं की सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: सगळ्यांनाच ४६ टक्के सवलत आहे. दिव्यांग, काही आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू आहेत. केंद्राला सामाजिक धोरण म्हणून ज्येष्ठांना सवलत द्यायची असेल तर तेवढी रक्कम अर्थसंकल्पातून रेल्वेला मोजून द्यावी, मग वाद मिटेल. रेल्वेच्या गल्ल्यातून सवलत द्यायची आणि मग रेल्वेला तोट्याबद्दल दटावायचं, हे फार झालं.

पुणे मेट्रोचा पैसा यातूनच जातो का?

नाही. मेट्रो केंद्राच्या गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाकडे येते. खातं वेगळं, हिशेब वेगळा.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. ती म्हणते तिथे ॲमट्रॅकला सरकार थेट अनुदान देतं. आपल्याकडे का नाही?

चांगला प्रश्न, आणि पुण्यात तो हमखास येतो.

ॲमट्रॅक ही अमेरिकेची प्रवासी रेल्वे कंपनी १ मे १९७१ ला सुरू झाली. खासगी रेल्वे कंपन्यांना प्रवासी गाड्या परवडेनाशा झाल्या, म्हणून सरकारने त्या एका कंपनीत गोळा केल्या. मालवाहतूक खासगी कंपन्यांकडे राहिली आणि रूळही. आजही ईशान्येचा बॉस्टन-न्यूयॉर्क-वॉशिंग्टन पट्टा सोडला तर ॲमट्रॅक बहुतेक ठिकाणी मालवाहू कंपन्यांच्या रुळांवरून धावते. म्हणजे मालगाडीचा नफा तिच्या हाती लागत नाही, म्हणून अमेरिकी संसद दरवर्षी तिला पैसे मंजूर करते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात तिला थेट सुमारे २२ अब्ज डॉलर दिले, तेही पाच वर्षांसाठी.

आपल्याकडे माल आणि प्रवासी एकाच घरात आहेत. घरातल्या घरात भागतं, म्हणून अनुदानाचा प्रश्न संसदेत उघडपणे येत नाही. तिथे दरवर्षी वाद होतो, कधी कधी ॲमट्रॅकच बंद करा म्हणतात, पण कोणत्या गाडीचा तोटा कोण भरतो हे सगळ्यांना माहीत असतं.

तिथला आणखी एक नियम आपल्या कामाचा आहे. २००८ च्या कायद्यानुसार ७५० मैलांपेक्षा, म्हणजे साधारण १,२०० किलोमीटरपेक्षा, कमी अंतराच्या गाड्या चालवण्याचा खर्च संबंधित राज्यांनी सोसायचा, ईशान्येचा मुख्य पट्टा वगळून. तो नियम इथे लावला तर पुणे-नागपूर, पुणे-कोल्हापूर, पुणे-दौंड या सगळ्यांचं बिल राज्याच्या मंत्रालयात जाईल. आपलं राज्य रूळ टाकायला निम्मे पैसे देतं, पण गाडी चालवायला एक छदामही देत नाही. लोणावळ्याच्या चार जादा फेऱ्यांचा तोटा राज्याने वर्षभर भरून द्यायचा, असा करार करून बघायला काय हरकत आहे? एसटीला राज्य सवलतींची भरपाई देतंच की.

एवढा पैसा नीट खर्च होतो का?

बराच होतो, सगळा नाही. रेल्वेच्या सुरक्षिततेसाठी २०१७-१८ मध्ये १ लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष उभारला. कॅगच्या २०२२ च्या अहवालात त्यातून फूट मसाजर आणि क्रोकरी खरेदी झाल्याची नोंद आहे. यावर मी काही बोलत नाही.

आयआरएफसीचे शेअर घेतले आहेत. म्हणजे मी रेल्वेचा मालक झालो का?

नाही. १९८६ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी बाजारातून कर्ज उभारून डबे-इंजिनं घेते आणि रेल्वेला भाड्याने देते. तुमचे शेअर त्या कंपनीचे आहेत. डेक्कन क्वीनमध्ये खिडकी मिळणार नाही.

खासदारांना किंवा रेल्वेला निवेदन द्यायचं आहे. काय मागावं?

'पुण्याला न्याय द्या' असं लिहू नका, ते निवेदन फाइलमध्ये जाऊन पडतं. पिंक बुकमधल्या कामाचं नाव जसंच्या तसं लिहा, यंदाची तरतूद लिहा, आणि किती हवी ते लिहा. गाडी मागायची असेल तर वेळ, थांबे आणि कोणता रेक (डब्यांचा संच) मोकळा असतो ते सांगा. रोज फलाटावर उभे राहणारे पासवाले हे बऱ्याचदा अचूक सांगू शकतात. प्रत विभागीय प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्याला द्या आणि बैठकीच्या इतिवृत्तात विषय आला का ते नंतर विचारा. अर्थसंकल्प फेब्रुवारीत असला तरी झोनकडून कामांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी वर जातात. जानेवारीत दिलेलं निवेदन त्या वर्षीच्या कामाचं नसतं. पावसाळा संपायच्या आत द्या.